‘अलीगढ’ : सर आणि रिक्षावाला

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. मराठी आमची आणि अलीगढही आमचेच. त्यामुळे हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ (२०१६) या चित्रपटाबद्दल भिवंडीत बसून लिहिताना आम्हांला त्रयस्थ राहता येत नाही.

फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन सरांच्या घरात घुसले. आत सर आणि एक रिक्षाचालक होते. विद्यापीठाने निलंबित केले ते सरांना! दिल्ली उच्च न्यायालयाच्या जुलै २००९ च्या निकालानंतर प्रौढांचे असे खासगी संबंध गुन्हा उरले नव्हते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन रोखले. ७ एप्रिलला सर घरात मृतावस्थेत सापडले. अमेरिकेत फ्रँक कॅमेनी या खगोलशास्त्रज्ञाला समलिंगी म्हणून १९५७ साली सरकारी नोकरीतून काढले होते. २००९ साली सरकारने त्यांची माफी मागितली, ती ऐकायला ते हयात होते. सरांच्या वाट्याला निकालानंतर जेमतेम सहा दिवस आले.

चित्रपटातला एक प्रसंग आम्हांला फार मोलाचा वाटतो. हातात ग्लास घेतलेले सर (मनोज बाजपेयी) एकटेच लताबाईंचे जुने गाणे ऐकत बसतात. बाकी काही घडत नाही. त्या रात्रीचा कॅमेरा दार ढकलून आत आला होता. हा कॅमेरा अदबीने समोर बसून राहतो. माणसाकडे पाहण्याच्या या दोन रीती दिग्दर्शकाने भाषणाविना दाखवल्या आहेत. ‘पाया खालची हिरवळ’ या सरांच्या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. चित्रपट पाहून हळहळलेल्या किती मराठी वाचकांनी तो शोधला असेल?

आमची तक्रार रिक्षावाल्यापाशी आहे. सरांना पत्रकार भेटला, वकील भेटला, पुढे चित्रपटही. रिक्षावाल्याची बाजू त्याच्या तोंडून फारशी येतच नाही. आमच्या गावात उत्तर प्रदेशातून आलेले यंत्रमाग कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने, पाळीपाळीने झोपतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. पण खासगीपणाला आधी एक दार लागते, कडी असलेले. सरांकडे निदान ते होते. रिक्षावाला त्या रात्री दुसऱ्याच्या दाराआड होता आणि बाहेर आला तो थेट कॅमेऱ्यासमोर. त्याच्या घरी काय झाले, रिक्षा पुन्हा त्या रस्त्याने गेली का, हे प्रश्न पटकथेने घ्यायला हवे होते.