ऑर्गनच्या बाकावरील एकसष्ट वर्षे

संगीतकार आपल्या श्रद्धेविषयी बोलू लागला, की बहुधा श्रद्धा आणि संगीत यांपैकी एकाची हानी होते. कधी श्रद्धा केवळ अलंकार होऊन बसते, तर कधी संगीत प्रवचनाची दासी होते. फ्रेंच कॅथलिक संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८-१९९२) यांचे चिंतन वाचताना हा दोष आम्हांस क्वचितच जाणवला. क्लोद साम्युएल या समीक्षकाशी त्यांनी केलेली संभाषणे ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत. १९७७ साली पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये त्यांनी दिलेले व्याख्यानही प्रसिद्ध आहे. या दोहोंच्या आधारे त्यांच्या विचाराचे मोल जोखावे, एवढाच येथे हेतू आहे.

आपल्या संगीतात तीन गोष्टी आहेत, असे मेसियाँ सांगतात: कॅथलिक श्रद्धेची सत्ये, मानवी प्रेम आणि निसर्ग. त्यांत पहिलीला ते अग्रस्थान देतात. येथे त्यांचा शब्द नेमका आहे. ते ‘माझ्या भावना’ म्हणत नाहीत, ‘श्रद्धेची सत्ये’ म्हणतात. देहधारण, पुनरुत्थान, पवित्र त्रैक्य हे त्यांचे विषय. आपल्याकडील अनेक भक्तिगीतांत ‘मी’, ‘माझे अश्रू’, ‘माझे मन’ यांचीच गर्दी असते आणि प्रभू कोठेतरी मागे उभा राहतो. त्या पार्श्वभूमीवर मेसियाँ यांची ही शिस्त आम्हांस मोलाची वाटते.

त्यांची सर्वांत गाजलेली रचना म्हणजे ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या हाती सापडले आणि ग्योर्लित्स येथील युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी ही रचना प्रथम वाजविली गेली. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो व पियानो एवढीच वाद्ये. आधार प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायाचा. पुढे मेसियाँ सांगत, की हजारो कैद्यांनी ती ऐकली आणि चेलोला तीनच तारा होत्या. खुद्द चेलोवादक पास्किए मात्र चारही तारा होत्या असे सांगत, आणि श्रोतेही काही शेकडाच असावेत. ही अतिशयोक्ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. चमत्काराला रंग चढविण्याचा मोह भाविकाला नेहमीच होतो. पण थंडीने गारठलेल्या, उपाशी कैद्यांपुढे अनंतकाळाचे संगीत वाजले, हे सत्य कोणत्याही सजावटीशिवाय पुरेसे आहे.

शिवाय मेसियाँ यांच्या श्रद्धेची खरी कसोटी छावणीत नव्हे, घरात लागली असे आम्हांस वाटते. त्यांच्या पहिल्या पत्नी क्लेर देल्बो या व्हायोलिनवादक होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्यांची स्मृती ढासळत गेली. अखेरची वर्षे त्यांना शुश्रूषालयात काढावी लागली व १९५९ साली त्यांचे निधन झाले. या काळात मेसियाँ यांनी मुलाला वाढविले, घर सांभाळले, संगीतविद्यालयात शिकविले आणि रविवारी ऑर्गनवर बसणे सोडले नाही. या दुःखाविषयी ते जाहीरपणे फारसे बोलले नाहीत. पॅरिसच्या पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये ते १९३१ साली ऑर्गनवादक झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे एकसष्ट वर्षे, त्या पदावर राहिले. बुलेझ व स्टॉकहाउझन यांच्यासारखे शिष्य घडविणारा हा जगविख्यात गुरू अखेरपर्यंत एका धर्मग्रामाचा सेवक होता.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. उपासनेचे खरे संगीत एकच, ते म्हणजे ग्रेगोरियन गान, असे ते नोत्र दामच्या व्याख्यानात म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली या गानाला मानाचे स्थान दिले हे खरे. परंतु त्याच दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य तो आदर द्यावा, असेही सांगितले आहे. मेसियाँ यांचा सिद्धान्त मानला, तर मराठीत गाणाऱ्या आपल्या गायकवृंदाला देवळात जागाच उरत नाही.

आणि गंमत अशी, की त्यांची कृती त्यांच्या सिद्धान्ताहून उदार आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील १२० देशी तालांची यादी मेसियाँ यांना एका फ्रेंच संगीतकोशात सापडली. प्रभुजन्मावरील त्यांच्या १९३५ च्या ऑर्गनरचनेत ‘रागवर्धन’ ताल येतो. देवगिरी म्हणजे आपले दौलताबाद. आपल्याच मातीतील ताल पॅरिसच्या चर्चमध्ये नाताळचे गूढ सांगू शकतो आणि आपण मात्र की-बोर्डवरील तयार ठेक्यांवर समाधान मानतो, हे आम्हांस विचार करण्यासारखे वाटते.

त्या चर्चमधील भाविकांनीही मेसियाँ यांच्या विचित्र सुरांविषयी तक्रारी केल्या होत्या. पण तेथे एक व्यवस्था होती: एका मिस्साला ग्रेगोरियन गान, दुसरीला जुन्या आचार्यांच्या रचना, दुपारच्या मिस्साला त्यांचे स्वतःचे संगीत. हे वाचून आम्ही पुस्तक मिटले. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने कम्युनियननंतर भैरवीचे काही सूर वाजविले. “फादर, देवळात मैफल संपली की काय?” असे एका ज्येष्ठांनी विचारले. आम्ही त्या तरुणाला, “छापील गीतांपुरतेच वाजव,” असे सांगितले. त्याने ऐकले. काही रविवारांनी त्याची जागा रिकामी झाली आणि आम्ही चौकशीही केली नाही.

तक्रार करणाऱ्यांचे कान चुकीचे नव्हते; त्यांनाही शांतपणे प्रार्थना करण्याचा हक्क आहे. चूक आमची होती. त्या तरुणाला एक मिस्सा नेमून देता आली असती. आम्ही नियम दिला. प्रत्येक धर्मग्रामात मेसियाँ निपजत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निपजला, तर त्याला एकसष्ट वर्षे बसण्यासाठी बाक मिळेल की नाही, हे धर्मगुरू आणि धर्मग्रामस्थ यांच्या सहनशीलतेवर अवलंबून आहे. आगमनकाळापूर्वी त्या तरुणाच्या घराची पायरी चढावी, असे आम्ही ठरविले आहे.