आकड्यांतली खारफुटी

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारणपणे दर दोन वर्षांनी देशातील वनांचा अहवाल काढते. त्यातील खारफुटीचे प्रकरण विज्ञानशिक्षकांनी वाचावे, पण डोळसपणे. महाराष्ट्रातील खारफुटी २०१५ च्या अहवालात २२२ चौरस किलोमीटर होती. २०१७ च्या अहवालात ती ३०४ झाली. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटरची भर! या वाढीचा अर्थ काय?

आधी मोजण्याची रीत पाहू. उपग्रहचित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे २३.५ मीटर लांब-रुंद असतो. एक हेक्टरहून लहान तुकडा नकाशात येत नाही. पानांचे छत्र किती जमीन झाकते यावरून अतिदाट, मध्यम दाट आणि विरळ असे वर्ग पडतात. साऱ्या किनाऱ्याला एकच माप लावले, हे या अहवालाचे श्रेय आहेच. मात्र मुळांशी भरतीचे पाणी पोचते का, खाली नवी रोपे रुजतात का, हे वरून दिसत नाही.

मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेची ठाणे खाडी घ्या. तेथे गाळ साचत गेला आणि उघड्या चिखलपट्ट्यांवर तिवराची झाडे पसरली. नकाशात ही वाढच. पण रोहित पक्षी अन्न टिपतात ते अशाच चिखलपट्ट्यांवर. आणि खाडी उथळ होणे हे कोळ्यांच्या दृष्टीने सुचिन्ह नव्हे. म्हणजे क्षेत्र वाढले तरी खाडीची प्रकृती सुधारली असे म्हणता येत नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बुलेट ट्रेनसाठी सुमारे वीस हजार खारफुटी तोडण्यास परवानगी दिली. अशा वेळी बदली लागवडीचे आश्वासन दिले जाते. जंगल म्हणजे केवळ क्षेत्रफळ असे मानले, तर हा हिशेब जुळतो. याउलट, एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर याच न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीची तोड आणि तेथे राडारोडा टाकणे यांवर बंदी घातली. त्या आदेशाने झाडांबरोबर त्यांची जागाही राखली. तिवराचे बी भरतीबरोबर आपोआप येते. त्याला हवी असते ती मोकळी वाट. उत्तर कॅलिफोर्नियात २०१४ नंतर केल्प या प्रचंड समुद्रशैवालांची जंगले उजाड झाली, तेव्हा तेथील स्वयंसेवक पाणबुड्यांनी आधी केल्प फस्त करणारे काटेरी सी-अर्चिन काढायला घेतले. तत्त्व तेच: नाशाचे कारण हटवा, मग लागवडीचे बोला.

अहवालाने छत्राबरोबर नवी रोपे आणि भरतीचा प्रवाह यांचीही नोंद द्यायला हवी. तोवर गोराई किंवा ऐरोलीच्या सहलीत, वनखात्याच्या परवानगीने, विद्यार्थ्यांकडून दहा मीटर दोरीलगतची झाडे, त्यांच्या जाती आणि रोपे मोजून घ्यावीत. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावे. त्या वहीतील आकडे अहवालाशेजारी ठेवले, की मापन आणि अर्थ यांतला फरक विद्यार्थ्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.