दिवाणखान्यातले दुकान

वाड्याच्या ओसरीवर दुकान आले की घराण्याला उतरती कळा लागली, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. डब्लिनच्या साउथ विल्यम स्ट्रीटवरील पॉवर्सकोर्ट हाउसकडे याच नजरेने पाहिले तर फसगत होईल. ब्रिटनच्या गादीवर १७१४ ते १८३० या काळात ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातील बांधणीला जॉर्जियन म्हणतात. तिसऱ्या व्हायकाउंट पॉवर्सकोर्टने पार्लमेंटच्या हंगामात शहरात राहण्यासाठी रॉबर्ट मॅककडून हे घर बांधून घेतले. १७७१ ला सुरू झालेले काम १७७४ साली पुरे झाले. रस्त्याकडे ग्रॅनाइटचा दर्शनी भाग, आत कोरीव महोगनीचा जिना, दिवाणखान्यांत मायकेल स्टेपलटनचे गिलाव्यातील नक्षीकाम. थाट अस्सल सरदारी!

पुढे १८०१ मध्ये आयर्लंडचे पार्लमेंटच उरले नाही, आणि सरदारांना डब्लिनात बिऱ्हाड ठेवण्याचे कारणही उरले नाही. १८०७ साली घर सरकारच्या मुद्रांक कचेरीकडे गेले. फ्रान्सिस जॉन्स्टनने मागे विटांच्या इमारती उभारून चौक बंदिस्त केला. १८३० च्या दशकात फेरिअर पोलॉक ही कापडाची घाऊक पेढी आली, ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. सरदार घराण्याच्या वाट्याला हे घर जेमतेम तेहतीस वर्षे आले. सांभाळले ते व्यापाऱ्याने. १९८१ साली चौकावर काचेचे छप्पर घालून तेथे दुकाने व उपाहारगृहे झाली.

हा कायापालट मला निम्माच पटतो. चौक उत्तम साधला आहे. ती जागा मुळात कचेरीची, रुक्ष. वर्दळीने तिचे काही बिघडले नाही, उलट तिच्यात जीव आला. दिवाणखान्यांचे तसे नाही. दुकानदाराला गिऱ्हाइकाची नजर समोर मांडलेल्या मालावर हवी असते आणि स्टेपलटनने तर सारे कसब छतावर ओतले आहे! भिंतीलगत मांडण्या उभ्या राहिल्या की खोलीची प्रमाणबद्धता हरवते, मग मान वर करून पाहतो कोण?

तरीही पाडापाडीपेक्षा हे परवडले. याच शहरात लोअर फिट्झविल्यम स्ट्रीटवरची १६ जॉर्जियन घरे १९६५ मध्ये वीज मंडळाच्या कचेरीसाठी जमीनदोस्त झाली. पॉवर्सकोर्ट हाउसचा जिना निदान चढता तरी येतो, काही विकत न घेताही.