हाताचा ठसा म्हणजे हाताला बसणारी ग्रिप नव्हे

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या रिकर्व्ह तिरंदाजीचं सुवर्ण शेवटी एकेका बाणावर ठरलं. कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन, दोघांचेही बाण 10 गुणांच्या वर्तुळात लागले. किमचा बाण केंद्राच्या 4.9 मिलिमीटर जास्त जवळ होता, बस्स. आणि तेही 70 मीटरवरून! असा निकाल पाहिला की तिरंदाजाला (आणि त्याच्या आईवडिलांना) वाटणारच, की एवढ्याशा फरकासाठी जे काही विकत मिळत असेल ते घ्यावं.

विकत मिळणाऱ्या गोष्टींमध्ये सध्या एक दावा लाडका आहे: ‘तुमच्या हाताचा स्कॅन पाठवा, हातमोज्यासारखी बसणारी ग्रिप बनवून देतो.’ ग्रिप म्हणजे धनुष्याच्या मधल्या भागाला, म्हणजे रायझरला, स्क्रूने बसवलेला तो तुकडा, ज्यावर आपला हात टेकतो. लाकडी, प्लास्टिकची किंवा 3डी प्रिंटरवर छापलेली. आजच्या पोस्टमध्ये हा दावा जरा उलगडून बघू. माझं म्हणणं आधीच सांगतो: ग्रिप स्वतःसाठी घडवून घेणं चांगलंच आहे, पण ‘हाताचा हुबेहूब साचा’ ही त्यामागची कल्पना चुकीची आहे.

धनुष्य मुठीत धरायचं नसतंच

मूठ हा शब्दच इथे घोळ घालतो. तलवार, बॅट, पिस्तूल आपण धरतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं. त्या खेळात पिस्तुलाचं वजन तळहाताने पेलायचं असतं आणि त्याच हाताच्या बोटाने ट्रिगर दाबायचा असतो. तिथे तळहाताला सगळीकडून टेकणारी लाकडी मूठ असणं समजण्यासारखं आहे.

धनुष्याचं गणित उलटं. दोरी मागे खेचली की धनुष्य आपणहून हातात रुततं. 45 पौंडांचं धनुष्य असेल तर पूर्ण ताणावर साधारण 20 किलोचा दाब हातावर येतो. ते निसटून पडण्याची भीती नाहीच. बाण सुटल्यावर धनुष्य पुढे झेपावतं तेव्हा पडू नये म्हणून बोटांना एक छोटी दोरी बांधलेली असते, तिला फिंगर स्लिंग म्हणतात. म्हणजे बोटांना धरण्याचं काम उरतच नाही.

शिकवताना कोच काय सांगतात? अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच ग्रिपच्या गळ्यात बसवा, दाब अंगठ्याच्या मांसल उंचवट्यावर घ्या, आयुष्यरेषेच्या पलीकडे तळहात टेकवू नका, बोटांच्या गाठी तिरक्या, 45 अंशांच्या आसपास ठेवा, बोटं सैल सोडा. म्हणजे अर्ध्याहून जास्त तळहाताने ग्रिपला स्पर्शच करायचा नाही. मग अख्ख्या तळहाताचा साचा घेऊन करायचं काय?

अर्धा मिलिमीटर आणि 17 मिलिसेकंद

70 मीटरवर 10 गुणांचं वर्तुळ 12.2 सेंटिमीटर व्यासाचं असतं. केंद्रापासून कडेपर्यंत 6.1 सेंटिमीटर. याचा कोन काढला तर एका अंशाचा विसावा भाग येतो. साधारण 70 सेंटिमीटर लांबीचा बाण घेतला, तर त्याचं टोक शेपटीच्या तुलनेत जेमतेम 0.6 मिलिमीटर बाजूला गेलं की मधोमध लागणारा बाण रेषेवर जातो.

आता ग्रिपकडे या. ताणलेल्या धनुष्याचा जोर 200 न्यूटनच्या आसपास आहे. हा जोर हातावर ज्या बिंदूत पेलला जातो, तो धनुष्याच्या मधल्या उभ्या रेषेपासून 5 मिलिमीटर बाजूला सरकला, तर 200 × 0.005, म्हणजे 1 न्यूटन-मीटरचा पीळ तयार होतो. दहा सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला किलोभर वजन टांगल्यासारखा. दोरी सुटली की हा पीळ धनुष्याला मनगटाभोवती फिरवायला बघतो.

आणि बाण सुटताना हे सावरता येत नाही. बाणाचा वेग सेकंदाला 60 मीटरच्या आसपास जातो आणि तो मिळवायला त्याला अर्धा मीटर अंतर मिळतं. सरासरी वेग 30 धरला तर सगळा खेळ 17 मिलिसेकंदांत संपतो. माणसाला एखाद्या आवाजावर प्रतिक्रिया द्यायलाच 150 मिलिसेकंद लागतात. म्हणजे हात कसा टेकवला होता, याचा फैसला दोरी सुटायच्या आधीच झालेला असतो. ग्रिप महत्त्वाची आहे ती या कारणासाठी.

नेहमीची चूक परवडते, बदलती नाही

पण थांबा. वरचा पीळ वाचून ‘पीळ शून्य केला पाहिजे’ असा निष्कर्ष काढू नका. प्रत्येक बाणाला अगदी तेवढाच पीळ पडत असेल तर सगळे बाण सारखेच डावीकडे जातील. मग साइट थोडी सरकवली की काम झालं. खरा त्रास होतो तो पीळ दर बाणाला वेगळा असण्याचा. त्याला कुठलीच साइट उपाय नाही. मोजमापाच्या कुठल्याही क्षेत्रात काम करणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल: ठरावीक चूक वजा करता येते, विखुरणारी चूक करता येत नाही.

म्हणून ग्रिपला विचारायचा प्रश्न एकच: हात दर वेळी त्याच जागी, तसाच टेकतो का?

इथे साचेवाले म्हणतील, हुबेहूब ठसा असेल तर हात आपोआप जागेवर जाईल की! ऐकायला पटतं. पण तिपाई आणि टेबल आठवा. तीन पायांची तिपाई खडबडीत फरशीवरही डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली मात्र हॉटेलात बसल्यावर कागदाची घडी सरकवावी लागते. टेकायच्या जागा गरजेपेक्षा जास्त झाल्या की त्या एकमेकींशी भांडतात, आणि जरा काही बदललं की भार एका जागेवरून दुसरीवर उडी मारतो.

हाताचा साचा म्हणजे दहा पायांचं टेबल. ते नीट बसतं, पण हात त्या दिवशी होता तसाच राहिला तर. हात तसा राहत नाही. उन्हात सुजतो, थंडीत आक्रसतो, घामाने घसरतो. पात्रता फेरीत 72 बाण मारायचे असतात, पहिल्या बाणाचा हात आणि सत्तराव्या बाणाचा हात एक नसतो. शिवाय स्कॅन घेताना हात मोकळा असतो. 20 किलोच्या दाबाखाली अंगठ्याचा उंचवटा चपटा होतो, त्याचा आकार त्या स्कॅनमध्ये नाहीच.

त्यात आणखी एक गोची. आज जो चुकीचा टेकतोय, त्या हाताचा साचा घेतला तर चूकही साच्यात उतरते. नवशिक्याने तळहात जास्त आत घातला असेल, तर ग्रिप त्याला रोज तिथेच बोलावणार.

कोरियाचा दाखला नीट वाचा

‘कोरियाची टीम 3डी प्रिंटेड ग्रिप वापरते’ हे वाक्य या चर्चेत हमखास येतं. खरंच वापरते. ह्युंदाई समूह 1985 पासून कोरियाच्या तिरंदाजी संघटनेच्या पाठीशी आहे आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकपासून त्यांच्या तंत्रज्ञांनी खेळाडूंना खास ग्रिप बनवून दिल्या.

पण दोन गोष्टी सुटतात. पहिली, कालक्रम. कोरियाच्या महिला संघाने 1988 च्या सेऊलपासून 2024 च्या पॅरिसपर्यंत सलग 10 सांघिक सुवर्णं जिंकली. त्यातली 7 रिओच्या आधीची आहेत. छापील ग्रिप येण्याआधीच जी गोष्ट सात वेळा घडली, तिचं श्रेय ग्रिपला कसं देणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिथे स्कॅन होते ती ग्रिप. खेळाडूने आधीच घासून, भरून, हजारो बाण मारून जमवलेली स्वतःची ग्रिप. ती स्पर्धेत तुटली तर नव्याने घडवायला आणि सवय व्हायला वेळ जातो, म्हणून तिची बारकाव्यांसकट प्रत काढून ठेवायची. यंत्राने इथे आकार शोधलेला नाही. सापडलेला आकार जपलाय. सुटा भाग हाताशी ठेवायची ही हुशार सोय आहे, आणि तेवढंच तिचं कौतुक करावं. ‘हात स्कॅन करा’वाले मात्र या उदाहरणातला सगळ्यात कष्टाचा टप्पा गाळून फक्त प्रिंटर दाखवतात.

संशोधन काय सांगतं आणि काय नाही

तुर्कस्तानचे हायरी एर्तान यांनी धनुष्य पेलणाऱ्या हाताच्या स्नायूंवर काम केलंय. 2009 मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात बोटं मिटवणाऱ्या आणि उघडणाऱ्या स्नायूंचे विद्युत संकेत वेगवेगळ्या पातळीच्या लोकांमध्ये मोजले होते. त्यातून दिसणारी दिशा अशी, की कसलेल्या तिरंदाजांचे स्नायू मूठ न आवळण्याच्या बाजूने काम करतात. कोचच्या ‘बोटं सैल सोडा’ला हा चांगला आधार आहे. पण हा अभ्यास स्नायूंबद्दल आहे, ग्रिपच्या आकाराबद्दल नाही. त्याचं नाव पुढे करून साचा विकणं म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवणं.

‘पण माझे गुण वाढले ना!’ हा पुढचा मुद्दा. समजा एका चांगल्या तिरंदाजाची सरासरी बाणामागे 9 गुण आहे आणि प्रत्येक बाणाचा चढउतार (प्रमाणित विचलन) साधारण 1 गुण. मग 72 बाणांच्या एकूण गुणांत, काहीही न बदलता, 8 गुणांचा चढउतार सहज होतो. दोन फेऱ्यांच्या फरकात 12 गुणांचा. जुन्या ग्रिपवर 648 आणि नव्या ग्रिपवर 656 आले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. नवी वस्तू आली की माणूस दोन आठवडे जास्त मन लावून सराव करतो, ते वेगळंच.

खरंच तपासायचं असेल तर घरच्या घरी जमेल अशी पद्धत:

– पहिले दोन आठवडे सवयीचे, ते मोजायचे नाहीत.
– नंतर रोज नाणं उडवून ग्रिप ठरवा, ती लावून त्या ग्रिपची साइट लावा.
– गुण लिहू नका. बाण केंद्रापासून किती डावी-उजवीकडे लागला ते लिहा. ग्रिपचा पीळ मुख्यतः तिथे दिसतो.
– लिहिणाऱ्याला आज कुठली ग्रिप आहे ते सांगू नका.
– प्रत्येक ग्रिपवर निदान 300 बाण मारा. 72 बाणांत विखुरण्यातला फरक 25 टक्क्यांच्या आसपास असेल तरच दिसतो. 300 बाणांत 12 टक्क्यांपर्यंतचा फरक पकडता येतो.

एवढं करून फरक दिसला, तर त्यावर विश्वास ठेवा. जाहिरातीतल्या तिरंदाजाच्या फोटोवर नको.

मग ग्रिप घडवायची कुणी, कशी?

ज्यांना गरज आहे त्यांना ती नक्की आहे. लहान हाताच्या मुलीला मोठ्या माणसाच्या मापाची ग्रिप दिली तर हात कधीच नीट बसणार नाही. कुणाचं मनगट जुन्या दुखापतीमुळे उंच कोनात टिकत नाही, त्याला उतार बदलून लागतो. पण हे बदल रुंदी, उतार, गळ्याची खोली असे दोन-तीन मापांचे आहेत. तळहाताची प्रत्येक घडी कोरायची त्यात गरज नाही.

सुरुवात कोचबरोबर हाताची जागा पक्की करण्यापासून व्हावी. ती दोन-तीन महिने टिकली की साधी सपाट ग्रिप घ्या. जिथे पोकळी वाटते तिथे थोडं एम-सील भरा, वाळू द्या, मग कानस आणि पॉलिश पेपर. जवळच्या अंतरावरून बाण मारा. ग्रिपवर खडूची पूड लावली की हाताला कुठे लागली ते दिसतं. आयुष्यरेषेच्या पलीकडे पूड आली तर तिथलं घासा. भरण्यापेक्षा घासण्याचं काम जास्त निघेल, आणि ते बरोबरच आहे. यात खर्च शे-दोनशे रुपयांचा, वेळ मात्र भरपूर.

मुलांच्या पालकांनी मला विचारलं तर मी सांगेन, ते पैसे आधी बाणांवर आणि कोचच्या वेळेवर घाला. हाताची जागा ठरली, आकार जमला आणि मोजून खात्री झाली, की मग खुशाल त्या ग्रिपचा स्कॅन करा आणि दोन प्रती काढून बॅगेत ठेवा. प्रिंटरचं काम तिथून सुरू होतं.