वरिष्ठ सभागृहाचें वरिष्ठपण

विधान परिषदेस वरिष्ठ सभागृह म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या विशेषणानें पुष्कळांची फसगत होते. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई प्रांतांत ही दुसरी सभा आली. राज्यघटनेनें ती कायम ठेविली, परंतु तिच्या हातीं सत्ता फारशी दिली नाहीं. विधानसभेनें संमत केलेलें विधेयक ती प्रथम तीन महिने व दुसऱ्या खेपेस एक महिना रोखूं शकते. अर्थविधेयक अवघे चौदा दिवस. मंत्रिमंडळ पाडणें तिच्या हातीं नाहीं. ब्रिटनमध्यें लॉर्डांच्या सभेचा नकाराधिकार १९११ सालीं काढून घेतांना मोठें रण माजलें. आपल्या घटनाकारांनीं तो परिषदेस दिलाच नाहीं. हें आमच्या मतें सर्वथा योग्य झालें. लोकांनीं थेट न निवडलेल्या सभेनें लोकांच्या सभेस क्षणभर थांबवावें. तिची वाट अडवूं नये.

मग अशा सभेचें भांडवल तें काय? तेथें बसणारीं माणसें, एवढेंच. वि. स. पागे १९६० ते १९७८ पर्यंत परिषदेचे सभापति होते. मागेल त्यास काम देणारी रोजगार हमी योजना ही त्यांच्या चिंतनाचें फळ. तिच्या खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर आला, १९७७ सालीं कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. अंधेरी-बोरिवलीच्या नोकरदाराच्या पगारांतून कापलेला पैसा खेड्यांतील मजुराच्या कुदळीपर्यंत पोंचला. सभापतीच्या आसनावरून हुकूम सोडतां येत नाहीं. विचार मात्र पटवून देतां येतो.

परिषदेच्या ७८ जागांपैकीं ३० आमदारांच्या व २२ स्थानिक संस्थांच्या मतांनीं भरतात. तेथें पक्षांचा हिशेब चालणारच. म्हणूनच साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा यांतील जाणत्यांसाठीं घटनेनें १२ जागा राज्यपालांच्या नेमणुकीच्या ठेविल्या. ग. दि. माडगूळकर व ना. धों. महानोर याच वाटेनें सभागृहांत आले. या जागांचें पुढें काय झालें? नोव्हेंबर २०२० मध्यें सरकारनें बारा नांवें पाठविलीं. राज्यपालांनीं त्यांवर निर्णयच दिला नाहीं. योग्य मुदतींत निर्णय देणें हें कर्तव्य होय, असें उच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२१ मध्यें सांगितलें, तरी व्यर्थ. २०२२ सालीं नव्या सरकारनें ती यादीच परत घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्यें सात जागा भरल्या, त्याही बहुतांशीं सत्ताधारी पक्षांतील मंडळींनीं. नाकारलेल्या नांवांबद्दल वाद तरी करतां येतो. मौनाशीं वाद कसा करावा?

दोष केवळ राज्यकर्त्यांवर टाकून मात्र आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. परिषदेंत पदवीधरांच्या सात जागा आहेत. मुंबईच्या जागेसाठीं मुलुंड-घाटकोपरचे पदवीधरही मत देतात. त्याच गल्लींत राहणाऱ्या, पदवी नसलेल्या कामगारास हें दुसरें मत नाहीं. आपणांस तें कां असावें? पदवी हा विशेषाधिकार नव्हे. ती जबाबदारी असेल तरच या मताचें समर्थन होऊं शकतें. या निवडणुकीची मतदारयादी दर खेपेस नव्यानें तयार होते. तेव्हां नांव नोंदविण्याचाही कंटाळा करावा, आणि नोंदविलें तर उमेदवाराची योग्यता न पाहतां पक्षच पाहावा, असें असेल तर परिषद बरखास्त करा म्हणणाऱ्यांस उत्तर देण्याचा आपला अधिकार उरत नाहीं.

परिषद रद्द करण्याचा मार्ग घटनेंत आहे: विधानसभेचा ठराव व संसदेचा कायदा. तो चोखाळावा असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु सत्ता नसलेल्या सभेंत योग्यताही उरली नाहीं, तर तिच्या वरिष्ठपणांत नांवापलीकडे काय राहील?