‘लोक’ कोणाचे? पुरस्कार, नभोवाणी आणि श्रोता : जयपूरच्या एका स्वराच्या निमित्ताने

मराठी संगीतरसिकाच्या कानी ‘जयपूर’ हे नाव प्रथम पडते ते घराण्याचे नाव म्हणून. अल्लादियाखाँ कोल्हापूरला शाहू महाराजांच्या आश्रयाला आले आणि मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर यांच्या गायकीतून ‘जयपूर-अत्रौली’ हे जोडनाव महाराष्ट्राच्या व गोव्याच्या सांस्कृतिक स्मृतीचा भाग झाले. अनवट रागांचे आणि बंदिशीच्या जपणुकीचे वलय त्या नावाभोवती आजही आहे. प्रस्तुत लेखात मात्र याच शहराशी निगडित असा दुसरा एक स्वर विचारात घ्यावयाचा आहे. हा स्वर लोकगीताच्या वळणाचा, मोकळ्या गळ्याचा आहे. एकाच गीतासाठी तो नभोवाणीवरून वगळला गेला आणि त्याच गीतासाठी पुरस्काराचा मानकरीही ठरला.

जोधपूरला जन्मलेल्या आणि जयपूरला वाढलेल्या इला अरुण यांनी अलका याज्ञिक यांच्यासह गायिलेले ‘चोली के पीछे’ हे ‘खलनायक’ (१९९३) या चित्रपटातील गीत सर्वपरिचित आहे. गीतकार आनंद बक्षी, संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, दिग्दर्शक सुभाष घई. ध्वनिफीत चित्रपटाआधी बाजारात आली आणि वाद तेथूनच सुरू झाला. दिल्लीतील एका वकिलाने गीत अश्लील असल्याचे सांगून न्यायालयात धाव घेतली. आकाशवाणी व दूरदर्शन यांनी ते प्रसारणातून वगळले. चित्रपट परीक्षण मंडळाकडे विरोध करणारी आणि पाठराखण करणारी अशी दोन्ही प्रकारची पत्रे गेली. पुढे १९९४ साली फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार या एका गीतासाठी दोन्ही गायिकांना विभागून देण्यात आला. मोनिका मेहता यांनी या वादाचा चित्रपट-नियंत्रणाच्या अंगाने सविस्तर अभ्यास केला आहे. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या अंगाने. या प्रकरणात ‘लोक’ या शब्दाचे किती अर्थ एकमेकांशी झगडत होते, आणि कोणता अर्थ अनुच्चारित राहिला?

प्रथम नभोवाणीची भूमिका पाहू. तिला इतिहास आहे आणि त्या इतिहासात एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि त्यांच्या जागी शास्त्रीय संगीत, सुगम संगीत व लोकसंगीत यांना स्थान दिले. श्रोत्यांनी आपला कौल सुई फिरवून दिला : ते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथे सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’कडे देशभरातून पत्रांचा ओघ लागला, आणि १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीला माघार घ्यावी लागली. या घटनाक्रमात आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की राज्यसंस्थेच्या नभोवाणीने ‘लोकसंगीत’ हा वर्ग चित्रपटगीताचा प्रतिपक्ष म्हणून घडविला. १९५५ साली सुरू झालेल्या जयपूर केंद्राचे कार्यही याच चौकटीत सुरू झाले. कलावंताने ध्वनिचाचणी द्यावी, श्रेणी मिळवावी आणि मग ‘लोकगायक’ म्हणून ध्वनिक्षेपकासमोर यावे, अशी ही व्यवस्था. लोकसंगीत म्हणजे जे निर्मळ, जे चित्रपटाने बाटलेले नाही ते, हे समीकरण तिच्या मुळाशी होते. त्या समीकरणात ‘चोली के पीछे’ बसणे शक्य नव्हते. ते चित्रपटगीत होते आणि तरीही लोकगीतासारखे ऐकू येत होते. हा संकर नभोवाणीच्या वर्गीकरणाला अधिक अडचणीचा होता.

पुरस्काराची बाजूही तितकीच बोलकी आहे. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले ते वाचकांच्या मतदानातून. म्हणजे हा पुरस्कार मुळात रसिकांच्या प्रतिक्रियेलाच दिलेले संस्थात्मक रूप होय. त्यात पार्श्वगायनाला आरंभी स्थानच नव्हते. लता मंगेशकर यांनी या कारणास्तव १९५७ च्या समारंभात गाण्यास नकार दिला आणि १९५९ पासून तो वर्ग निर्माण झाला. वर्ग नसेल तर कर्तृत्व दिसत नाही, हे मराठी वाचकाला या उदाहरणावरून चांगले उमगावे. पण वर्ग असला की सर्व काही दिसते असेही नाही. १९९४ च्या पुरस्काराने ‘पार्श्वगायिका’ म्हणून ज्या दोन स्वरांचा गौरव केला, ते दोन स्वर गीतात समान भूमिकेत नाहीत. पडद्यावर नीना गुप्ता यांच्या तोंडी असलेला इला अरुण यांचा खरबरीत, छातीतून येणारा स्वर प्रश्न विचारतो. माधुरी दीक्षित यांच्या तोंडी असलेला अलका याज्ञिक यांचा घोटीव, बारीक स्वर उत्तर देतो. प्रश्नातला चावटपणा लोकस्वराकडे आणि उत्तरातली सोज्वळ सारवासारव चित्रपटस्वराकडे, अशी ही श्रमविभागणी आहे. गीताचा सारा नाट्यपरिणाम या विरोधावर उभा आहे. पुरस्काराने दोघींना एका वर्गात बसविले आणि हा विरोध पुसून टाकला.

वादाच्या वेळी झालेला युक्तिवाद या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. विरोधकांचा मुद्दा नीतीचा होता. समर्थनाचा एक ठळक सूर परंपरेचा होता : हे लोकगीताच्या रीतीचे गाणे आहे आणि लोकगीतात असा चावटपणा असतोच. सुभाष घई यांनीही पुढे, आपण ते लोकगीत म्हणूनच कलात्मक रीतीने मांडले होते, असे वारंवार सांगितले आहे. हा दावा वस्तुस्थितीला अगदी सोडून नाही. राजस्थानात लग्नप्रसंगी बायका व्याह्यांना उद्देशून ‘गाळी’ गातात. आपल्याकडेही विहिणीच्या गाण्यांत आणि शिमग्यात भाषेचे बंध सैल होतात. तथापि ती गाणी ठरावीक प्रसंगी, ठरावीक नात्यांच्या मर्यादेत, बहुधा बायकांनी बायकांसमोर गायिलेली असतात. प्रसंग आणि नाते काढून घेतले की उरते ती केवळ शैली. ध्वनिफितीवर विकली गेली ती शैली.

‘हे लोकगीत आहे’ या विधानाचा आणखी एक उपयोग होता आणि तो अधिक गंभीर आहे. लोकगीताला कर्ता नसतो, म्हणून अश्लीलतेची जबाबदारी कोणावर येत नाही. आणि कर्ता नसतो, म्हणून मानधनही कोणाला द्यावे लागत नाही. विरोधक व समर्थक दोघेही ‘लोक’ हा शब्द उच्चारत राहिले, पण ज्यांच्या गाण्यांतून ही शैली आली त्यांच्यापैकी कोणाला साक्षीला बोलावावे असे कोणालाच वाटले नाही. स्वतः इला अरुण सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबातून आलेल्या, रंगभूमीवर घडलेल्या कलावंत. लंगा, मांगणियार यांसारख्या वंशपरंपरेने गाणाऱ्या समाजांपैकी त्या नव्हेत. यात त्यांचा उणेपणा नाही. परंतु नभोवाणी, न्यायालय आणि पत्रलेखक यांच्यापैकी कोणीही हा फरक विचारात घेतला नाही, हे लक्षणीय आहे.

याउलट बाजूचे उदाहरण अल्ला जिलाई बाई यांचे. १९०२ साली जन्मलेल्या या गायिका बिकानेरच्या महाराजा गंगासिंह यांच्या दरबारात घडल्या; रीतसर उस्तादी तालीम घेतली; संस्थानी आश्रय संपल्यानंतर आकाशवाणीवरून गायिल्या. त्यांची मांड रागाच्या उंबरठ्यावरची गायकी होती. १९८२ साली त्यांना पद्मश्री आणि १९८८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ‘लोकसंगीत’ या वर्गात. दरबारी गायिका ‘लोक’ ठरली आणि कोणी हरकत घेतली नाही. मौन हीसुद्धा प्रतिक्रियाच असते. ‘लोक’ हे विशेषण सन्माननीय, वयोवृद्ध आणि देहविरहित स्वराला लागले की ते वादग्रस्त होत नाही. तेच विशेषण तरुण, बाजारात खपणाऱ्या, देहाची आठवण करून देणाऱ्या स्वराला लागले की त्यावर बंदी येते.

तुलनेसाठी अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताकडे वळणे उचित ठरेल, कारण तेथे नेमका हाच प्रश्न निराळ्या भाषेत विचारला गेला. १९७४ साली कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातील सर्वोत्कृष्ट गायिका म्हणून ऑस्ट्रेलियात वाढलेल्या ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांची निवड केली. लोरेटा लिन आणि डॉली पार्टन मागे राहिल्या. संतप्त कलावंत जॉर्ज जोन्स व टॅमी वायनेट यांच्या घरी जमले आणि त्यांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी चार्ली रिच यांनी जॉन डेन्व्हर यांचे विजेते म्हणून नाव असलेला कागद व्यासपीठावरच पेटवून दिला. त्या कृतीच्या हेतूविषयी पुढे मतभेद झाले. परंतु प्रेक्षकांनी ती निषेध म्हणूनच वाचली. अलीकडे २०२४ साली ओक्लाहोमातील एका नभोवाणी केंद्राने बियॉन्से यांचे गीत लावण्यास, आपले केंद्र कंट्री संगीताचे आहे असे सांगून, प्रथम नकार दिला. चाहत्यांच्या तक्रारींचा पाऊस पडल्यावर ते गीत लागले. त्या वर्षी असोसिएशनने बियॉन्से यांना एकही नामांकन दिले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने मात्र सर्वोत्कृष्ट कंट्री गीतसंग्रहाचा पुरस्कार त्यांनाच दिला. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रॅमीने या वर्गाचे ‘पारंपरिक’ आणि ‘समकालीन’ असे दोन भाग केल्याचे जाहीर केले.

दोन्हीकडील नभोवाणीचे स्वरूप भिन्न आहे हे विसरता कामा नये. तेथील केंद्र व्यापारी, म्हणून चाहत्यांच्या दडपणापुढे ते काही दिवसांत नमते. येथील आकाशवाणी शासकीय, म्हणून येथील श्रोता अर्ज-विनंतीच्या आणि याचिकेच्या भाषेत बोलतो. पण अधिक मूलगामी भेद वादाच्या विषयात आहे. नॅशव्हिलमध्ये ‘हे संगीत कोणाचे?’ असे उघड विचारले गेले. त्या प्रश्नात वर्णभेदाचे विष होते, परकेपणाचा आकस होता. पण प्रश्न विचारला गेल्यामुळे कृष्णवर्णीय वादकांचा या संगीताच्या जडणघडणीतला वाटा पुन्हा चर्चेत आला. आपल्याकडे मालकीचा प्रश्न नीतीच्या भाषेत बोलला गेला. ‘हे सभ्य आहे का?’ एवढेच विचारले गेले. आणि सभ्यतेचा निकाल लागला की मालकीचा प्रश्न आपोआप मिटला असे गृहीत धरले गेले.

मराठी अभ्यासकाला हे नवे नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे ‘सुधारणे’च्या अटीवर ती उठविली. शर्मिला रेगे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, लावणीचे असे शुद्धीकरण आणि लावणी सादर करणाऱ्या स्त्रियांचे जातीय शोषण या एकमेकींत गुंतलेल्या प्रक्रिया आहेत. त्याच काळानंतर लावणी मध्यमवर्गीय घरात शिरली ती नभोवाणीच्या वाटेने, आणि प्रामुख्याने सुलोचना चव्हाण यांच्या स्वरात. गिरगावात जन्मलेल्या, पदर डोक्यावरून घेऊन गाणाऱ्या या गायिकेला आचार्य अत्र्यांनी ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. वाईच्या कोल्हाटी समाजातून आलेल्या, अदाकारीसह बैठकीची लावणी मांडणाऱ्या यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ साली आणि पद्मश्री २०१२ साली, वयाच्या उत्तरार्धात मिळाली. दोन्ही सन्मान उचितच. पण सामान्य श्रोत्याला ‘लावणी’ म्हणताच पहिला स्वर कोणाचा आठवतो, याचे उत्तर नभोवाणीने कित्येक दशकांपूर्वीच देऊन ठेवले होते. देहापासून सोडविलेला स्वर ती स्वीकारते; देहासह आलेल्या स्वराला वाट पाहावी लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकपरंपरा सतत बदलत असताना तिच्या ‘खऱ्या’ वारसदारांचा शोध घेणे म्हणजे शुद्धतेचाच नवा आग्रह नव्हे काय? आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु कोणी गावे हा प्रश्न आणि गाण्याचे श्रेय, मोल व साक्ष कोणाला मिळावी हा प्रश्न, हे दोन वेगळे आहेत. पहिल्याचे उत्तर ‘कोणीही’ असेच असावे. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणालाही नको’ असे असू शकत नाही.

२०२४ साली ‘क्रू’ या चित्रपटात हेच गीत नव्या रूपात वापरले गेले. आपल्याला अगदी अखेरच्या क्षणी कळविण्यात आले, अशी नाराजी इला अरुण यांनी तेव्हा जाहीरपणे व्यक्त केली. तीस वर्षांपूर्वी ज्या स्वरावर बंदी आली आणि ज्याला पुरस्कारही मिळाला, तो स्वर आता स्वतःच ‘परंपरा’ झाला होता. कोणालाही न विचारता उचलण्याजोगा. १९९३ साली मांगणियारांना, लंगांना आणि लग्नात गाणाऱ्या बायकांना जो प्रश्न विचारता आला नाही, तो आता त्या गायिकेच्या तोंडी आला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने गीताच्या संहितेइतकेच पुरस्काराच्या वर्गनामांचे, प्रसारणाच्या वगळणुकींचे आणि श्रोत्यांच्या पत्रांचे वाचन करावयास हवे ते याचसाठी. ‘लोक’ हा शब्द जेथे सर्वांत आदराने उच्चारला जातो, तेथेच प्रत्यक्ष लोक अनुपस्थित असतात, हे अशा वाचनातूनच ध्यानी येते.