चॅप्लिनचं आत्मचरित्र : दोन मौनं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने प्रश्न विचारला होता : आत्मचरित्रात माणसाने सगळंच सांगायला हवं का? उत्तरासाठी आपण आज चार्ली चॅप्लिनचं आत्मचरित्र घेऊ.

ते 1964 साली आलं. चॅप्लिन तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. मूकपटांचा हा बादशहा आता स्वतः बोलणार, म्हणून सगळे कान टवकारून बसलेले. समीक्षकांनी बालपणाचा भाग डोक्यावर घेतला आणि उत्तरार्धाला नावं ठेवली. बड्या लोकांच्या भेटीगाठी फार, सिनेमे कसे घडले ते कमी, आणि बरंच काही लपवलेलं, ही त्यांची तक्रार. ती खोटी नाही. पण लपवणं म्हणजे नेमकं काय, हे मात्र नीट तपासलं गेलं नाही, असं आम्हाला वाटतं.

या पुस्तकात दोन वेगळी मौनं आहेत. दुसऱ्या लग्नाबद्दल चॅप्लिन म्हणतो, आमचे दोन मुलगे आता मोठे आहेत, त्यांच्यासाठी मी तपशिलात जात नाही. हे समजण्यासारखं आहे. पण लग्नाच्या वेळी ती मुलगी सोळा वर्षांची होती आणि हा पस्तिशीचा. तेव्हा हे मौन मुलांना जपतं, तसं बापालाही जपतं! लिटा ग्रेने 1966 साली आपली बाजू स्वतः पुस्तकात मांडली.

दुसरं मौन स्टॅन लॉरेलबद्दलचं. 1910 साली कार्नोच्या मंडळीतून दोघे बरोबर अमेरिकेला गेले. लॉरेलचा पुस्तकात उल्लेखच नाही. इथे कोणाला जपायचं होतं? ही सरळसरळ कृतघ्नता झाली.

मग पुस्तक अप्रामाणिक ठरवायचं का? पूर्वी आम्ही वर्गात तसंच सांगत असू. आज ते अर्धं मागे घेतो. कारण यात आईचा तो प्रसंग आहे. भुकेने आणि आजाराने तिचं मन ढळलं, पोरगा तिला इस्पितळात घेऊन गेला. पुढे ती त्याला म्हणाली, त्या दुपारी तू मला कपभर चहा दिला असतास, तर मी बरी राहिले असते. हे वाक्य चॅप्लिनला सहज गाळता आलं असतं, बरं का. विचारणारं कोणी नव्हतं. त्याने ते लिहिलं.

तेव्हा श्रोत्यांना आमचं उत्तर असं : सगळं सांगायला नको. पण वगळताना आपण कोणाला वाचवतो आहोत, हे लेखकाने स्वतःला विचारलं पाहिजे. चॅप्लिनने ते आईपाशी विचारलं, सोबत्यापाशी नाही.